नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज केला तर हातात काय राहतं? लेथ, फ्लॅट, द्राक्षबागेतला हिस्सा, दागिने

निफाडकर_७७

नमस्कार. जवळच्या नातेवाइकासाठी विचारतोय, आकडे थोडे गोल केलेत.

देणं एकूण ३८ लाखांच्या आसपास. पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटचं गृहकर्ज, एका पतसंस्थेचं कर्ज (दोन जामीनदार), दोन पर्सनल लोन आणि मटेरियलवाल्यांची उधारी. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढलाय. एका पुरवठादाराचा हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा निकाल) झालाय, दरखास्त (त्याची अंमलबजावणी) चालू आहे, बेलीफ एकदा येऊन गेला.

जवळ काय आहे: वरचा फ्लॅट, कुटुंब तिथेच राहतं. अंबडला भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि हत्यारं. गाळा बंद आहे, आता तो सातपूरला एका कारखान्यात टर्नर म्हणून ३१,००० वर जातो. जुनं पिकअप, त्याचं कर्ज फिटलेलं. निफाड तालुक्यात वडिलोपार्जित ६० गुंठे द्राक्षबाग, सातबाऱ्यावर तीन भाऊ, कसतो धाकटा. गावचं घर सामाईक. बायकोचे नऊ तोळे. आयुर्विम्याच्या दोन पॉलिसी, पीपीएफमध्ये सव्वादोन लाख, शिवाय पीएफ.

प्रश्न दोनच. नादारी घेतली तर यातलं काय राहील? आणि अर्जाआधी शेतीतला हिस्सा धाकट्याच्या नावे हक्कसोड करून टाकावा असं गावात सगळे सांगताहेत, ते बरोबर आहे का?

कलमसाठ

आधी कायदा कुठला ते पक्कं करा, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. नेटवर आयबीसी (२०१६ ची दिवाळखोरी संहिता), एनसीएलटी (कंपनी कायदा न्यायाधिकरण), ‘फ्रेश स्टार्ट’ असं जे वाचायला मिळतं ते या माणसाला लागू नाही. २०१६ च्या संहितेतला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून सुरू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांपुरता. बाकी माणसांना अजून जुनाच कायदा आहे. मुंबई शहरात १९०९ चा, आणि नाशिकला प्रांतिक नादारी अधिनियम, १९२०. अधिकारक्षेत्र जिल्हा न्यायालयाचं, म्हणजे सीबीएस बसस्थानकाजवळचं. हाताखालच्या न्यायालयालाही शासन अधिकार देऊ शकतं, तेव्हा अर्ज नेमका कुठे दाखल होतो ते फायलिंग विभागात विचारून घ्या. देणं ५०० रुपयांच्या वर असावं ही अट अजून तशीच आहे, त्यामुळे रकमेची अडचण नाही. देणं फेडता येत नाही हे मात्र कोर्टाला दिसलं पाहिजे.

आता तुमच्या प्रश्नाचं मूळ. नादार ठरवल्याचा हुकूम झाला की कलम २८ प्रमाणे सगळी मिळकत कोर्टाकडे किंवा रिसिव्हरकडे (मिळकत सांभाळायला-विकायला कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे) जाते. पण २८(५) म्हणतं की दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे जी वस्तू जप्त करता येत नाही ती यातून बाहेर. म्हणजे नादारीत काय राहतं याची यादी नादारीच्या कायद्यात नाहीच, ती संहितेच्या कलम ६० च्या परंतुकात आहे. यादी १९०८ सालची असल्याने तिच्यात नांगर आहे, पण मोबाइल नाही.

त्या यादीतून तुमच्या नातेवाइकाचं एकेक बघू.

अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण: राहतं, त्याचं, बायकोचं आणि मुलांचं. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, सोफा या यादीत कुठेच नाहीत. व्यवहारात रिसिव्हर जुन्या फ्रिजच्या मागे लागत नाही, कारण विकून खर्चही निघत नाही. पण तो त्याचा शहाणपणा झाला, तुमचा हक्क नव्हे.

मंगळसूत्र आणि धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून काढायचे नसतात असे दागिने: राहतात. उरलेल्या तोळ्यांचा प्रश्न वेगळा. लग्नात मिळालेलं, माहेरहून आलेलं सोनं स्त्रीधन आहे, म्हणजे नवऱ्याच्या मिळकतीत मोडतच नाही. सूट मागायची वेळच येत नाही. फक्त ते नवऱ्याच्या यादीत लिहू नका, वेगळ्या परिच्छेदात ‘पत्नीची स्वतंत्र मिळकत’ म्हणून नमूद करा आणि पावत्या, लग्नातले फोटो जोडा. गाळ्याच्या चालू खात्यातून पैसे देऊन घेतलेले तोळे असतील तर स्त्रीधनाचा युक्तिवाद टिकणं कठीण. गोल्ड लोनमध्ये ठेवलेलं असेल तर आधी ठेवून घेणाऱ्याचा हक्क.

लेथचं बघा. कलम ६० मध्ये ‘कारागिराची हत्यारं’ आहेत. स्वतः हाताने काम करणारा कारागीर आणि दोन मशीन टाकून जॉबवर्क घेणारा व्यावसायिक यांत कोर्ट फरक करतं. गाळा बंद, माणूस नोकरीला, म्हणजे दोन्ही लेथ धरून ठेवणं अवघड आहे. माझ्या मते व्हर्नियर, मायक्रोमीटर, चक, टूलबिट, हातहत्यारं यांची सूट ठामपणे मागावी, एका लेथची मागून बघावी, दुसरा सोडून द्यावा. मशीन कुठल्याही कर्जाला तारण असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा.

पिकअप जातं. संहितेत वाहनाला सूट नाही.

विमा: स्वतःच्या आयुर्विम्याचे पैसे कलम ६० मध्ये स्पष्ट आहेत, राहतात. पॉलिसी कर्जासाठी असाइन केलेली नसावी. यातली एखादी पॉलिसी विवाहित महिला संपत्ती कायदा, १८७४ च्या कलम ६ खाली बायको-मुलांच्या नावे घेतली असेल तर तिच्यावर ट्रस्ट धरतात आणि ती धनकोच्या हाती लागत नाही, देणी बुडवायच्या हेतूने हप्ते भरले नसतील तर. पॉलिसीच्या बाँडवर तसा शेरा असतो, बघून घ्या. नुसतं नॉमिनेशन म्हणजे ते नव्हे.

पीपीएफ राहतो. पीएफचं संरक्षण तर १९५२ च्या कायद्यापासूनचं, आणि त्याच्या कलम १० मध्ये १९२० च्या कायद्याखालच्या रिसिव्हरचं नाव घेऊन लिहिलं होतं की त्याचा या रकमेवर हक्क नाही. मात्र पीएफ काढून बचत खात्यात टाकलात की वाद ओढवून घेतलात. ज्या बँकेचं पर्सनल लोन आहे त्याच बँकेत ते खातं असेल तर बँक परस्पर वळती करून घेऊ शकते. पेन्शन-ग्रॅच्युइटीची रक्कम मुदत ठेवीत गेली तरी तिचं संरक्षण जात नाही, हे राधेश्याम गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धरलं आहे. पण मुद्दाम ती परीक्षा कशाला घ्या. पीएफला हात लावू नका.

दरखास्तवाला

कलमसाठ यांनी फ्लॅट सोडला, मी घेतो. त्यात एक बाजू आहे जी बऱ्याच वकिलांच्याही नजरेतून निसटते.

गृहकर्जाच्या बँकेपुरतं काही वाचत नाही. तारणदार धनकोचा हक्क नादारीने अडत नाही, कलम २८(६). हप्ते थकले की बँक सरफेसीच्या (बँकांच्या तारण-वसुलीच्या कायद्याच्या) कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस काढणार आणि पुढे ताबा घेणार.

पण हप्ते चालू असतील तर? कलम ६० म्हणतं की शेतकरी, मजूर किंवा घरकामगार याच्या मालकीचं आणि तो राहत असलेलं घर जप्त होत नाही. आणि ‘मजूर’ या शब्दात कुशल, अकुशल, अर्धकुशल सगळे येतात, तसं स्पष्टीकरणच कलमाखाली दिलंय. कारखान्यात लेथवर उभा राहणारा टर्नर कुशल मजूर आहे हे मांडायला भरपूर जागा आहे. ते पटलं तर पुरवठादाराला फ्लॅट जप्त करता येत नाही आणि तो रिसिव्हरकडेही जात नाही, बँकेचा बोजा मात्र बोजाच राहतो. या सुटीला किमतीची मर्यादा नाही. दुकानदार, क्लार्क, डॉक्टर यांना हे मिळत नाही.

अडचण कुठे येईल सांगतो. समोरचा वकील म्हणेल की काल-परवापर्यंत हा प्रोप्रायटर होता, जीएसटी नंबर अजून चालू आहे, गाळ्याचा भाडेकरार चालू आहे, मजूर कसला? म्हणून आधी जीएसटी नोंदणी रद्द करून घ्या, गाळा लेखी सोडा, उद्यम नोंदणीही रद्द करा. नेमणूक पत्र, वेतनचिठ्ठ्या, हजेरी कार्ड, ईएसआय क्रमांक असेल तर तो, सगळं जोडा. सिद्ध करायचा भार ऋणकोवर असतो. सूट मागितली नाही तर कोर्ट आपणहून देईल या भरवशावर राहू नका, चालू दरखास्तीत हरकत आजच दाखल करा.

आणखी एक. पतसंस्थेच्या कर्जकागदांत कधीकधी छापील ओळ असते की ‘कर्जदार जप्तीतून सुटीचा कोणताही हक्क सांगणार नाही’. कलम ६०(१अ) प्रमाणे असा करार रद्दबातल आहे. ती ओळ दाखवून कोणी घाबरवलं तर घाबरू नका.

आता हक्कसोड. करू नका. नादारीचा अर्ज ज्या दिवशी पडतो त्याच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेलं हस्तांतर रिसिव्हरच्या विरुद्ध टिकत नाही, कलम ५३. धाकट्याच्या नावचं हक्कसोडपत्र विनामोबदला म्हणजे या कलमाचं पुस्तकातलं उदाहरण. रिसिव्हर अर्ज करेल, नोंद फिरेल, धाकट्याला कोर्टात उभं राहावं लागेल, आणि तुमच्या माणसाने धनकोंना चुकवायला मिळकत हलवली असं दिसलं तर कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. मुक्ततेच्या (उरलेल्या देण्यांतून सुटका मागायच्या) वेळीही हेच आडवं येतं. बक्षीसपत्र, बायकोच्या नावे पिकअप, सगळ्याला हेच.

मेहुण्याची हातउसनी रक्कम ‘आपल्या माणसाची म्हणून’ अर्जाच्या आधी फेडणं हेही तसंच. तीन महिन्यांच्या आत एखाद्या धनकोला झुकतं माप दिलं तर ते कलम ५४ खाली उलटतं आणि मेहुण्याला पैसे परत भरावे लागतात.

मळेकर_पिंपळगाव

शेतीचं मी सांगतो.

६० गुंठ्यांतला त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे २० गुंठे रिसिव्हरकडे जाईल. भावांचे ४० गुंठे त्याच्या देण्यात अडकत नाहीत, ही गावातली भीती आधी काढा. पण रिसिव्हर वाटप मागू शकतो किंवा अविभक्त हिस्सा विकू शकतो. अविभक्त २० गुंठे बाहेरचा कोणी सहसा घेत नाही, घेतला तर पडेल भावाने. म्हणून सरळ मार्ग असा की धाकट्याने रिसिव्हरकडून कोर्टाच्या देखरेखीखाली रास्त भावात तो हिस्सा विकत घ्यावा. पैसे धनकोंना जातात, बाग घरात राहते, आणि कलम ५३ चा प्रश्न उरत नाही.

लोकांचा समज असा की ‘शेतकऱ्याची जमीन जप्त होत नाही’. कलम ६० मध्ये शेतकऱ्याचं राहतं घर आहे, औतं-अवजारं आहेत, उपजीविकेला लागणारी जनावरं आणि बियाणं आहे. जमीन नाही! सरफेसीमध्ये शेतजमिनीच्या तारणाला तो कायदा लागत नाही हे खरं, त्यातूनच हा समज पसरलाय. हुकूमनाम्याच्या जप्तीला त्याचा उपयोग नाही.

आणि शेतकरी कोण? स्वतः जमीन कसणारा आणि मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर जगणारा. तुमचा नातेवाईक पगारावर जगतो, कसतो धाकटा. तेव्हा गावच्या घरातल्या त्याच्या हिश्शाला शेतकरी म्हणून सूट मिळणार नाही, तिथे तो राहतही नाही. धाकट्याच्या हिश्शाचा प्रश्नच नाही, देणं त्याचं नाही. हे फक्त धाकटा जामीनदार नसेल तर. पतसंस्थेचे दोन जामीनदार कोण आहेत ते तुम्ही लिहिलं नाही.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बघा. विविध कार्यकारी सोसायटीचा इकरार चढलेला असेल तर तो बोजा आधी. मंडपाचे अँगल आणि तारा जमिनीला रोवलेल्या, त्या जमिनीबरोबर धरल्या जातील. ब्लोअर, पंप ज्याच्या पावतीवर त्याचे, पावत्या धाकट्याच्या नावे असतील तर आत्ताच बाजूला काढून ठेवा.

व्यापाऱ्याकडे मागल्या हंगामाचे पैसे अडकले असतील आणि त्यात त्याचा हिस्सा असेल तर तेही यादीत लिहा. ठरलेल्या रकमेचं येणं ही मिळकत आहे, ती रिसिव्हर वसूल करतो. नुसता नुकसानभरपाईचा दावा लावायचा हक्क असेल तर तो जप्त होत नाही.

निफाडकर_७७

सगळ्यांचे आभार. जामीनदारांपैकी एक धाकटाच आहे, हे लिहायला हवं होतं. दुसरं, पगारातून किती कापतील? आणि चुलतभावाच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या सीसीला (कॅश क्रेडिट कर्जाला) यानेच वैयक्तिक हमी दिल्याचं आज कळलं. त्याने काही बदलतं का?

कलमसाठ

पगार: पहिले १,००० सोडायचे, उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडायचे. ३१,००० मधून १,००० गेले, राहिले ३०,०००. त्यातले २०,००० सुरक्षित, १०,००० जप्तीला मोकळे. पोटगीचा हुकूमनामा असेल तर हिशोब वेगळा, तिथे फक्त एक तृतीयांश वाचतो. जप्ती एकाच हुकूमनाम्यात एकूण २४ महिने चालली की त्या हुकूमनाम्यापुरती कायमची संपते. पण आधी दरखास्तवाल्यांचा मुद्दा इथेही लावा. मजुरांची मजुरी पूर्ण सुटीत आहे. अर्जात पहिली मागणी ‘ही मजुरी आहे, संपूर्ण सूट’ आणि दुसरी, पर्यायी मागणी ‘पगार धरला तरी १०,००० च्या वर नाही’ अशी लिहा. एकच लिहिलंत तर दुसरी हातची जाते.

जामीनदार धाकटा आहे म्हटल्यावर चित्र बदललं. नादारीतून मुख्य कर्जदार मुक्त झाला तरी जामीनदार मुक्त होत नाही, कलम ४४. पतसंस्था १०१ चा दाखला घेऊन धाकट्याकडे जाणारच, आणि त्याच्या हिश्शाच्या बागेकडेही. तेव्हा धाकट्याने २० गुंठे विकत घ्यायच्या आधी पतसंस्थेशी स्वतःपुरती तडजोड लेखी करावी. नाहीतर एका हाताने घेतलेली जमीन दुसऱ्या हाताने जाईल.

लेखापाल_गंगापूररोड

कंपनीच्या हमीबद्दल. त्या हमीपुरता तो २०१६ च्या संहितेत येतो आणि प्रकरण मुंबईच्या एनसीएलटीत. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली आहे, तेव्हा त्यावर भांडण्यात अर्थ नाही. बँकेने तिकडे अर्ज केला तर वगळलेल्या मिळकतीची यादी दुसरी लागते, कलम ७९(१४): नोकरी-धंद्याला लागणारी हत्यारं, पुस्तकं आणि वाहनसुद्धा. घरातलं जरुरीचं सामान. विमा पॉलिसी किंवा पेन्शन योजना. रिवाजाचे दागिने १ लाखापर्यंत. एक राहतं घर, शहरात २० लाखांपर्यंत, ग्रामीण भागात १० लाखांपर्यंत. प्रत्येक वस्तूपुढे एकच अट, तिच्यावर बोजा नसावा.

त्यामुळे गंमत अशी होते की जिल्हा न्यायालयात जे पिकअप जातं ते तिकडे राहू शकतं (धंद्याला लागतं हे दाखवलं तर), आणि जो फ्लॅट मजूर म्हणून इथे वाचू शकतो तो तिकडे गृहकर्जाच्या बोज्यामुळे वाचत नाही. पाथर्डी फाट्याला २० लाखांत बसणारे फ्लॅट तसेही कमीच. म्हणून आधी हमीपत्राची प्रत काढा. हमी कितीची, मागणीची नोटीस आली का, कंपनीचं खाते एनपीए आहे का. कंपनीचे हप्ते नीट चालू असतील तर आज काही हलवायची गरज नाही, पण जिल्हा न्यायालयातल्या धनकोंच्या यादीत ती बँक ‘हमीपोटी संभाव्य देणं’ म्हणून लिहाच. लपवलेलं देणं सर्वांत आधी उघडं पडतं, बँक स्वतः ते पुढे आणते.

दरखास्तवाला

शेवटी यादीविषयी, कारण अर्ज मार खातो तो इथे. कलम १३ प्रमाणे प्रत्येक वस्तू, तिची किंमत आणि ती कुठे आहे हे लिहावं लागतं. ‘घरगुती सामान अंदाजे ५०,०००’ असं लिहू नका. असं लिहा: ‘लेथ मशीन, ६ फूट बेड, जुनं, गाळा क्र. अमुक, अंबड, बोजा नाही, आजची किंमत मूल्यांकनाप्रमाणे अमुक’. सुटीच्या वस्तूही लिहायच्या, समोर कलम ६० ची कोणती सूट मागताय ते टाकून. वस्तू लिहिली आणि सूट मागितली तर फार तर सूट नाकारतील. लिहिलीच नाही तर लपवली असं होतं.

वहीखाती द्यावी लागतात. जप्तीत हिशोबाच्या वह्यांना सूट आहे, पण नादारीत ती लागू नाही, कायद्यात तसा अपवाद आहे. टॅलीचा बॅकअप, बँक स्टेटमेंट, जीएसटी विवरणं तयार ठेवा.

अर्ज दाखल झाला म्हणून बेलीफ थांबत नाही. नादार ठरवल्याचा हुकूम झाल्यावर त्याची प्रत दरखास्त चालू असलेल्या कोर्टात द्यायची, मग तिथे स्थगिती. अटकेची भीती असेल तर कलम ३१ चा संरक्षण हुकूम वेगळा मागा. तोवर बेलीफ आला तर सूर्यास्तानंतर ते सूर्योदयापर्यंत त्याला जंगम जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. दिवसा आला तर अडवू नका, पंचनाम्यात ‘हरकत घेतली’ असे शब्द लिहून घ्या आणि प्रत मागा. बायकोच्या वस्तू उचलल्या तर हरकत तिने तिच्या नावाने घ्यायची, आदेश २१ नियम ५८ खाली, नवऱ्याने नाही.

रिसिव्हरचा एखादा निर्णय पटला नाही, समजा त्याने दोन्ही लेथ उचलले, तर कोर्टाकडे जायला २१ दिवस आहेत, कलम ६८. ही मुदत फार जणांची हुकते कारण ते रिसिव्हरला विनंतीपत्रं लिहीत बसतात.

आणि हुकुमात मुक्ततेच्या अर्जाची मुदत लिहिलेली असते, ती कॅलेंडरवर टाका. ती चुकली तर नादारीच रद्द होऊ शकते आणि पुन्हा अर्ज करायला कोर्टाची परवानगी लागते. मुक्तता मिळेपर्यंत नव्याने येणारी मिळकतही रिसिव्हरची, आणि ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेताना आपण नादार आहोत हे सांगणं बंधनकारक. जीएसटीची किंवा इतर सरकारी बाकी मुक्ततेनंतरही राहते, ती या सगळ्यात धरू नका.

निफाडकर, हमीपत्र आणि सातबारा दोन्ही मिळाले की इथे टाका, नावं-गट नंबर खोडून.